ह्यांचं अक्षर

माणसाला आधी पाणी लागतं की आधी पाटी, असं कुणी विचारलं तर मी पाटी म्हणेन. नव्या सोनखोरीत तरी तसंच झालं. तिथल्या अठराच्या अठरा पाट्या मी माझ्या हातानं रंगवल्या आहेत, त्यामुळं या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये.

मी बिभीषण पेंटर. तेलगावच्या फाट्यावर माझी टपरी. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की मास्तर लोक थांबून बघायचे. वेलांटी चुकलेली पाटी दिसली की मला जेवण गोड लागत नाही. दिंद्रुडच्या एका हॉटेलवाल्यानं 'मिसळ'ची 'मीसळ' केली होती, तेव्हा मी पदरचा रंग घालून ती दुरुस्त करून आलो होतो. हॉटेलवाला म्हणाला, "चव तीच हाय की बे." अशा लोकांत मी धंदा केला.

जुनी सोनखोरी धरणात गेली. गाव उचललं आणि तीन कोस वर एका माळावर आणून टाकलं. कागदावर त्या जागेचं नाव 'वसाहत' आणि माणसांचं नाव 'वसाहतकरी'. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात वसाहत करणारे लोक जहाजातून यायचे आणि दुसऱ्याच्या जमिनी घ्यायचे. हे वसाहतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले, आणि जमीन यांचीच गेली होती. पण शब्द तोच. सरकारला जुना शब्द टाकून देणं जिवावर येतं.

मावेजा, म्हणजे गेलेल्या जमिनीचा पैसा, वाटला गेला आणि माळावर माणसांपेक्षा विकणारे जास्त झाले. शिलाई मशीनवाला आला, टेपरेकॉर्डरवाला आला. ज्यांच्याकडे विहीर नव्हती त्यांना विहिरीवरचं इंजिन दाखवायला एक जण आला. पाण्याचा टिपूस नसलेल्या माळावर एक जण मच्छरदाण्या घेऊन आला आणि सगळ्या खपवून गेला. एक फोटोवाला आला. त्याच्याकडे धबधब्याचा रंगवलेला पडदा होता, आणि त्या धबधब्यापुढं उभं राहून निम्म्या वसाहतीनं फोटो काढून घेतले. या सगळ्यांच्या पाट्या मीच रंगवल्या. खोटं कशाला बोलू, ती दोन वर्षं माझ्या घरी रोज सणच होता.

मग मोहनरावांच्या ध्यानात आलं की एवढे लोक येऊन विकतायत आणि आपण नुसते बघतोय. मोहनराव म्हणजे मोठी जमीन, पांढरी जीप आणि प्रत्येक वाक्यात 'सहकार'. त्यांनी 'वसाहत सर्व सेवा सहकारी संस्था' काढली आणि स्वतः चेअरमन झाले. खत, बियाणं, रॉकेल, साबण, सगळं संस्थेत. खत घ्यायचं तर सोबत छत्री घ्यावी लागायची. दुष्काळात छत्री घेतलेली माणसं मी तिथंच पाहिली. वसाहतीत अठरा नागरी सुविधा बांधायचं कामही संस्थेलाच मिळालं. शाळा, समाजमंदिर, दवाखाना, खळवाडी, बस थांबा, गटार, दहनभूमी, पाण्याची टाकी, अशी ती यादी. मोहनराव टपरीवर आले आणि म्हणाले, "बिभीषण, अठरा पाट्या काढ. झकास. इमारतीचं मागून बघू."

बघितलंही त्यांनी. काही भिंती उभ्या राहिल्या. बस थांब्यावर बस थांबत नव्हती, कारण येतच नव्हती. जनावरांच्या दवाखान्यात जनावरं सावलीला बसायची, डॉक्टर तेवढा नव्हता. गटार मात्र पक्कं झालं. त्यात सोडायला पाणी नव्हतं म्हणून ते कोरं करकरीत राहिलं आणि पोरं त्यात गोट्या खेळायची. आणि पाण्याची टाकी बांधून झाली. उंच, गोल, पिवळी. पाइपलाइन यायची होती. टाकीच्या पोटावर मी निळ्या रंगात, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: 'पाणी पिण्यास योग्य'. फोटो निघाला, फाइलला लागला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तसं हे बोलाचंच पाणी.

दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. तिसऱ्या वर्षी तर धरणाचा सुद्धा तळ दिसायला लागला. त्या उन्हाळ्यात एक दिवस टपरीपुढं एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं चेहरा तांबडालाल, डोईवर रिकामा हंडा.

"पेंटर तुमीच का?"

"मीच."

"आमच्या टाकीवर तुमीच लिव्हलं?"

अक्षराचं कौतुक करायला आली असेल असं वाटून मी सदऱ्याची कॉलर जरा सरळ केली. "मीच लिहिलंय."

"मग तुमीच पुसा," ती म्हणाली. "तुमच्या लिव्हन्यापायी माजी सासू तहानली."

ही मनकर्णा. मेंढपाळाच्या घरातली. दर उन्हाळ्यात यांचं अख्खं घर मेंढ्या घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जायचं. यंदा नवरा एकटाच गेला होता, कारण तिची सासू बायडाबाई खुबा मोडून बाजेवर पडली होती. तिला हलवता येत नव्हतं. वसाहतीतली निम्मी घरं कुलपं लावून गेली. मनकर्णाला जाता येत नव्हतं. पाणी होतं दिंद्रुडच्या वाटेवरच्या एका विहिरीला. जाऊन येऊन अर्धा दिवस जायचा, आणि तो अर्धा दिवस म्हातारी बाजेवर एकटी, पाण्याच्या तांब्याकडं बघत.

"मग टँकर मागा ना," मी म्हणालो.

"मागायला गेलतो की आमी. कचेरीतला मानूस म्हनला, तुमच्याकडं पिण्यायोग्य पानी हाय. मी म्हनलं, टाकी रिकामी हाय. त्यानं फोटू दाखवला. म्हनला, रिकामी हाय आसं यात कुटं लिव्हलंय? योग्य हाय आसं लिव्हलंय. जिथं योग्य पानी हाय तिथं टँकर देता येत न्हाई. जिथं अयोग्य पानी हाय, तिथंच देता येतो."

मला लाज वाटली. खरंच वाटली. एवढी वर्षं मी अक्षरं काढली, पण कुणी ती वाचून तहानलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पाटी ही बघायची गोष्ट असते असं मी धरून चाललो होतो.

पण पाटी संस्थेची. पुसली असती तर मोहनरावांनी मला तेलगावातून उठवलं असतं. मी मुळात भित्रा माणूस, आणि भित्र्या माणसाला पळवाट लवकर सापडते. 'योग्य'च्या आधी मी वीतभर जागा मोकळी सोडली होती, अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून. मी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापला, पांढरा रंग दिला, वाळल्यावर त्यावर निळ्या रंगात एकच अक्षर काढलं आणि वर तारेची आकडी लावली.

"ह्ये काय हाय?"

"हा अ. टाकीवर मी खिळा ठोकून देतो. कचेरीचा जीपवाला साहेब बघायला आला की हा खिळ्याला टांगायचा. योग्यचं अयोग्य होतं. मग पुसायची गरज नाही."

"येवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच. हा अ कुठल्याही चांगल्या शब्दापुढं लावा, त्याचं वाटोळं होतं. मान्यचं अमान्य होतं, पूर्णचं अपूर्ण होतं." मी जरा रंगात आलो होतो. "तुमच्या मालकाचं नाव काय?"

तिनं तोंड फिरवलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत मला माहीत होती, तरी विचारून बसलो. तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढं धरलं. मी वाचलं: आसाराम.

"मग झालंच की! आसाराम लिहायचं तर आधी हाच अ काढावा लागतो. त्याला काना दिला की झाला आ. म्हणजे हे तुमच्या मालकाचंच अक्षर."

हे मी बोललो आणि बाईचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात मी तिच्याकडून उखाणा मागितला. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, पत्र्याचा तुकडा पदराखाली झाकला आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिनं त्या अक्षराचा उच्चार केला नाही. ती त्याला 'ह्यांचं अक्षर' म्हणायची.

आठवड्यात कचेरीचा माणूस जीपमधून पाहणीला आला. टाकीवर 'पाणी पिण्यास अयोग्य' वाचून त्यानं मान डोलावली, लिहून घेतलं आणि टँकर मंजूर झाला. टाकीवर चढून आत पाणी आहे की नाही हे त्यानं पाहिलं नाही. पाहायचं त्याच्या कामात नव्हतं.

टँकर आला तेव्हा नवीनच घोळ. ड्रायव्हर शहादेव म्हणून होता, भला माणूस, पण कागदाला भिणारा. तो टाकीपुढं उभा राहून डोकं खाजवायला लागला.

"ह्या टाकीत वतता येत न्हाई," तो म्हणाला. "मला आदेश हाय, पिण्याचं पानी योग्य टाकीतच वतायचं. ह्यावर तर अयोग्य लिव्हलंय. उद्या कुणी आजारी पडलं म्हंजे माझी नोकरी जाईल."

मनकर्णा पुढं झाली, काठीनं पत्रा खिळ्यावरून उतरवला आणि पदराखाली घेतला. शहादेवनं पुन्हा वाचलं. "आता बरोबर हाय," म्हणाला आणि पाइप लावला.

तिथून तो क्रमच पडला. जीप आली की अक्षर वर, टँकर आला की अक्षर खाली. मंजुरी दर आठवड्याला नवी लागायची, त्यामुळं दर आठवड्याला टाकी एकदा अयोग्य व्हायची आणि एकदा योग्य. मनकर्णाला वाचता येत नव्हतं, पण धुरळ्यावरून जीप कोणती आणि टँकर कोणता हे तिला कळायचं. तिला नाही कळलं तर बायडाबाईला कळायचं. म्हातारीचा खुबा गेला होता, कान शाबूत होते. ती बाजेवरून ओरडायची, "मनकर्णे, जीप आली गं! माझ्या लेकाला टांग!" पहिल्यांदा हे ऐकून एक पाहुणा घाबरून पळत सुटला होता, असं सांगतात.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे मोहनरावांच्या डोळ्यात येणारच. निवडणूक जवळ आली होती. त्यांना वसाहतीचं हस्तांतर करून घ्यायचं होतं. अठरा सुविधा पूर्ण झाल्या असं एकदा कागदावर आलं की वसाहत ही वसाहत राहत नाही, साधं गाव होतं. मग सरकारवर तिचा काही हक्क नाही, टँकरच्या यादीतून नाव बाद, आणि पाणी हवं असेल तर नव्यानं अर्ज, नव्यानं पाहणी. तोवर पावसाळा यायचा. मोहनरावांना मात्र लगेच सत्कार मिळणार होता.

ते टपरीवर आले. "बिभीषण, येक मोठी पाटी काढ. वसाहतीच्या तोंडाशी लावायची. 'नवी सोनखोरी', खाली 'अठरा नागरी सुविधा', आनि त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत 'पूर्ण'. सोमवारी साहेब येनार हायत."

"टाकीत पाइपलाइन आली का, मालक?"

"तू पेंटर हायस का इंजिनिअर?"

मी पेंटर होतो. मी पाटी काढली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी पाटी ती. लाल जमीन, पांढरी अक्षरं, पिवळी किनार. तिसऱ्या ओळीत 'पूर्ण' लिहिताना मी डाव्या बाजूला वीतभर जागा सोडली आणि तिथं एक खिळा राहू दिला. का राहू दिला, ते मी मोहनरावांना आजतागायत सांगितलेलं नाही. पाटी वसाहतीत लावायला गेलो तेव्हा मनकर्णा वाटेवर उभी होती. तिनं विचारलं, "ह्यात काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं आणि आपल्या कामाला लागलो. लाल पाटीवर निळं अक्षर शोभणार नाही, म्हणून जाता जाता तिच्याकडचा पत्रा मागून घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला लाल रंग देऊन पांढरा अ काढून दिला. एवढंच माझं पाप.

सोमवारी मांडव पडला. पाटीवर मखमली पडदा. साहेब आले, हार झाले, मोहनरावांचं भाषण झालं. त्यात सहकार हा शब्द इतक्या वेळा आला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना डुलक्या लागल्या. मग साहेबांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला आणि टाळ्या वाजल्या. सगळे मान्यवर पाटीकडे पाठ करून फोटोवाल्याकडे तोंड करून उभे राहिले. पाटी वाचायची असते हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मी मागं उभा होतो. मी वाचली. 'नवी सोनखोरी. अठरा नागरी सुविधा. अपूर्ण.'

मनकर्णा बायकांत बसली होती, पदर खाली ओढून, कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखी. तिला त्या पाटीतला एकच शब्द माहीत होता, आणि तो तिनं बरोबर जागी टांगला होता.

फोटो फाइलला लागला. फाइल वर गेली. वर कुणीतरी असा निघाला ज्याला वाचायची सवय होती. महिन्याभरात फाइल परत आली, शेरा मारून: 'फोटोनुसार सुविधा अपूर्ण दिसतात. खुलासा करावा.' मोहनरावांनी फोटो पाहिला तेव्हा त्यांच्या हातातली सुपारी पडली म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या टपरीवर.

"हे तुझं काम का बे?"

"पूर्ण माझं आहे," मी म्हणालो. "अ सुद्धा माझाच आहे. पण टांगला मी नाही."

चौकशीला तेच साहेब आले. सोबत लिहून घ्यायला कारकून. समाजमंदिरात टेबल मांडलं. मोहनराव शेजारी खुर्चीत. मला बोलावलं, मी पाटीचं जे घडलं ते सांगितलं, कारण खोटं बोलायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही. मग मनकर्णाला बोलावलं. बायडाबाईनं हट्ट धरून आपली बाज उचलून दारापाशी आणायला लावली होती, तिथून ती ऐकत होती.

मोहनरावांनी आधीच सुरुवात केली. "मनकर्णा, सरळ कबूल कर. गुमान सांग की चुकून झालं, सुविधा पूर्ण हायत. न्हाई तर हा पत्रा जप्त, टाकीची भानगड पुढं येईल, आनि टँकर आजच्या आज बंद. मग सासूला काय पाजशील?"

मनकर्णा घाबरली होती आणि मीही तिच्यासाठी घाबरलो. साहेबांनी पत्रा टेबलावर ठेवला.

"बाई, हे तुम्ही पाटीवर लावलं?"

"व्हय."

"काय लावलं?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"कोणतं अक्षर आहे हे? जबाबात लिहावं लागेल."

"ह्यांचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"ह्यांचं अक्षर हाय. म्या न्हाई नाव घ्यायची."

कारकुनानं पेन थांबवलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. एक अक्षर समजावून सांगायला मला अर्धा तास गेला, आणि शेवटी कारकुनानं लिहिलं: 'सदर महिला अक्षराचे नाव सांगण्यास नकार देते.' मोहनरावांना हसू आवरेना. "साहेब, अडानी बाई हाय. तिला इचारा, सुविधा पूर्ण हायत का. मान हलवील, विषय संपला."

"मान हलवलेली जबाबात येत नाही," साहेब म्हणाले. त्यांनाही आता घाई झाली होती. "बाई, एकच शब्द तोंडानं सांगा. वसाहत पूर्ण, की अपूर्ण? जो शब्द सांगाल तो लिहिला जाईल. काहीच सांगितलं नाही तर पूर्ण असं धरलं जाईल."

आता तिची खरी कोंडी झाली. पूर्ण म्हणावं तर टँकर जातो. अपूर्ण म्हणावं तर तोंडातून नवऱ्याचं अक्षर निघतं, तेही परक्या पुरुषांपुढं, सासू ऐकत असताना. बाहेर बायका जमल्या होत्या. मला वाटलं, संपलं. एवढा शब्द या बाईच्या तोंडून निघायचा नाही, आणि तो शब्द मीच तिच्या गळ्यात अडकवून ठेवलाय.

मनकर्णानं दाराकडं पाहिलं. बाजेवरून बायडाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि हळूच हनुवटी वर केली. मनकर्णानं पदर नीट केला, दोन्ही हात जोडले आणि लग्नाच्या मांडवात म्हणावं तसं, मोठ्यानं, एका सुरात म्हणाली:

"हंड्यावर हंडा, येक बी न्हाई पूर्ण,
आसारामाचं नाव घेते, वसाहत हाय अपूर्ण."

बाहेर एका बाईनं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला रीत आड येत नाही, हे बायकांना आधीच माहीत होतं. मला आणि साहेबांना तेव्हा कळलं.

कारकुनानं घाम पुसला. "साहेब, हे... हे जबाबात कसं घ्यायचं?"

"जसंच्या तसं घ्या," साहेब म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांनी उठून टाकीपाशी जाऊन वर चढायला शिडी मागितली. त्या टाकीवर चढलेला तो पहिला सरकारी माणूस. खाली उतरले तेव्हा त्यांच्या हाताला नुसती धूळ होती. शहादेवचं पाणी परवाच संपलं होतं. त्यांनी फाइलवर स्वतःच्या हातानं 'अपूर्ण' लिहिलं, आणि मी लांबून पाहिलं, पू दीर्घ काढला होता. मनकर्णानं खाली अंगठा उठवला. पत्रा तिला परत मिळाला, कारण मुद्देमाल ठेवायला कचेरीत जागा नव्हती.

परतताना बायडाबाई सुनेला म्हणाली, "नाव घेतलंस त्ये बरं केलंस. पर चेअरमनपुढं घेतलंस, माझ्या लेकाची दृष्ट काढावी लागंल." मग म्हातारी स्वतःच हसत सुटली, खुबा दुखेपर्यंत.

टँकर पावसाळा लागेपर्यंत चालू राहिला. मोहनराव निवडून आले, त्यात काही बदल झाला नाही. संस्थेच्या पाट्या मात्र माझ्याकडून गेल्या. त्यांनी कुठून तरी दुसरा पेंटर आणला, आणि त्यानं संस्थेच्या दारावर 'सहकारि' लिहिलं, ऱ्हस्व. मी त्या रस्त्यानं जातच नाही.

आखाड सरला तेव्हा मनकर्णा टपरीवर आली. मागं फाट्यावर आसाराम मेंढ्या घेऊन उभा होता, गंगथडीहून परतलेला, रापलेला, खांद्यावर घोंगडी. तिनं पदरातून पत्रा काढून माझ्यापुढं ठेवला. कडेनं गंजला होता.

"घ्या पेंटरभाऊ तुमचं. आता ह्ये घरी आल्यात."

"पाइपलाइन आली का, वहिनी?"

"न्हाई."

"मग परत कशाला देता? उन्हाळा काय एकदाच येतो? मालक पुन्हा जाणारच ना चैत लागला की?"

"जातेत की."

"मग घरात एक तरी असू द्या."

ती पदर तोंडाला लावून हसली. मी डबा उघडला, गंज घासून काढला आणि अक्षराला नव्यानं रंग दिला. वाळेपर्यंत ती टपरीच्या सावलीत बसून राहिली. मग पत्रा पदरात घेऊन निघाली तेव्हा फाट्यावरून आसारामानं आवाज दिला, "काय घेतलंस गं त्ये?"

"तुमीच हाय," ती म्हणाली.

आसाराम काही समजला नाही. मेंढ्या पुढं गेल्या होत्या, तो त्यांच्यामागं निघाला.